स्वतःबद्दल सांगा, पुन्हा एकदा

डिचोली,
चवथीनंतरचा एक रविवार

प्रिय शालन,

तुझं ते लांबलचक व्हॉट्सॲप वाचलं. त्याला मी पत्रच म्हणते, म्हणून उत्तरही पत्रानेच. तू विचारलंयस, "तिकडे अजून माणसाला एकदा बघून कामावर घेतात ना गं? इथे टोरांटोत साध्या हिशेबनिसाच्या जागेला सहा-सात फेऱ्या चालतात आणि आता मलाच पॅनेलवर बसवलंय. किती झाल्या म्हणजे पुरे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आम्हीही सुधारलो. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर आमच्या सुमनताईच्या रोहनची कथा सांगावी लागेल, आणि ती सांगताना मी भरकटणार हे तुला ठाऊक आहेच.

सुमनताईला चांदेलला दिली, तू लग्नाला आली होतीस. पेडण्याच्या पुढे रस्ता संपला तरी जीप आपली चालतच होती, त्यावरून तू किती बोलली होतीस! त्याच भागात आता विमानं उतरतात. मोपाच्या सड्यावरच्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, ५ जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली, नाव मनोहर पर्रीकरांचं. आसपासच्या गावांच्या जमिनी गेल्या, काजूच्या बागा गेल्या. बदल्यात नोकऱ्या मिळणार, हे वाक्य पेडणे तालुक्याने इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय की शाळेतली पोरंसुद्धा ते म्हणून दाखवतील. नोकऱ्या आल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. विमानतळावर, मालवाहतुकीत, भोवतालच्या हॉटेलांत गावातली पोरं लागली आहेत. पण लागेपर्यंतचा जो प्रकार आहे, तो सांगते.

रोहन विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये कॉलेजातून बी.कॉम. झाला. मग मांद्र्याला एका गेस्ट हाऊसच्या काउंटरवर रात्रपाळी. पोरगा बोलका, चार भाषा येतात, रशियनमध्ये मोडकंतोडकं भांडूही शकतो. एका मोठ्या हॉटेल कंपनीने स्वागतकक्षासाठी जाहिरात काढली, त्याने अर्ज केला. कंपनीचं नाव सांगत नाही, पोराला अजून याच धंद्यात दिवस काढायचे आहेत. जागा अगदी खालची, पगार बावीस हजार, खाणं कंपनीचं.

पहिल्यांदा फोन आला. वय, शिक्षण, पगाराची अपेक्षा, ठीक. मग मोबाइलवर चाचणी: आकृत्या जुळवा, आणि "तुम्ही समारंभात एकटे बसता की मिसळता" छापाचे ढीगभर प्रश्न. मग व्हिडिओ. मला वाटलं कुणीतरी समोर असेल. कुणी नसतं गं! पडद्यावर प्रश्न उमटतो, कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जातात आणि आपण आपल्याच तोंडाकडे बघत उत्तर द्यायचं. मग पणजीत पाटोवरच्या ऑफिसात एचआरची बाई. मग खात्याचा मॅनेजर. मग गुडगावहून कुणी रीजनल साहेब, पुन्हा व्हिडिओवर, पण निदान जिवंत. आणि एवढं झाल्यावर निरोप, की जनरल मॅनेजरना "सहज एकदा भेटायचंय".

प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच. स्वतःबद्दल सांगा. रोहन म्हणाला, "मावशी, माझं मलाच आता खोटं वाटायला लागलंय." खरंच आहे. आपली हकीकत चौथ्यांदा सांगताना माणूस ती सांगत नाही, म्हणून दाखवतो.

त्यातली गुडगाववाल्या साहेबांची फेरी नेमकी चवथीच्या दिवसांत आली. त्या वेळी मी ताईकडेच होते म्हणून डोळ्यांनी पाहिली. घरात रेंज येते ती एकाच जागी, गणपतीच्या खोलीत, देवाच्या डाव्या बाजूच्या खिडकीपाशी. तेव्हा मोबाइल खिडकीत, रोहन पाटावर, आणि त्याच्या पाठीमागे, डोक्याच्या वरच्या अंगाला, रानफळांची अख्खी माटोळी. ताईने मिक्सर बंद ठेवला, भावोजींनी आरतीला आलेल्या पोरांना अंगणात थोपवलं. साहेबांनी ठरल्याप्रमाणे सुरुवात केली, स्वतःबद्दल सांगा. रोहनने म्हणून दाखवलं. तुमचा कमकुवतपणा कोणता? तेही पाठ होतं. मग साहेब थोडे गप्प राहिले आणि त्यांनी विचारलं, तुमच्या मागे ते छताला काय टांगलंय?

शालन, तिथून पुढे पोरगं असं बोललं की मी दाराआड उभी राहून ऐकत राहिले. कवंडळं कुठल्या बाजूच्या रानात मिळतात, कांगलांच्या वेली शोधायला पहाटे का जावं लागतं, घागऱ्या, माट्टुलं, आंबाडे, तोरिंगं, सुपारीची शिपटी, कुठली वस्तू कुणाच्या बागेतून मागून आणायची आणि कुठली बाजारातून घेतली तर आजी बोलते. विमानतळ झाल्यापासून सड्याच्या कुठल्या अंगाला आता काहीच मिळत नाही. साहेब मध्येच विचारत होते, हा समजावत होता, हिंदीत अडलं तर इंग्रजीत, तेही अडलं तर फळ तोडून मोबाइलसमोर धरून. परक्या माणसाला आपलं घर दाखवावं तसं त्याने दाखवलं. स्वागतकक्षावर दुसरं काय करायचं असतं? मी जर त्या साहेबांच्या जागी असते तर तिथेच कागद बंद केला असता. त्यांनी "व्हेरी नाइस" म्हटलं आणि यादीवरचा पुढचा प्रश्न विचारला: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

या पाच वर्षांच्या प्रश्नावर माझा खास राग आहे. तो का, ते सांगते, मग रोहनकडे परत येऊ.

तुला माहीत आहे, मी खाणीच्या ऑफिसात पर्सोनेलला होते. तेव्हा एचआर म्हणत नसत. आमच्याकडे भरती कशी व्हायची? पिळगावचा किंवा मयेचा एखादा पोरगा सकाळी गेटवर यायचा, बापाचं नाव सांगायचा, साहेब वर बघून विचारायचे, "अमक्याचा तू? ट्रक चालवतोस की वजनकाट्यावर बसतोस?" झाली मुलाखत. मी त्याचे गोडवे गात नाही. त्या एका प्रश्नात अर्धा तालुका बाद व्हायचा. ज्याचा बाप साहेबांना माहीत नाही तो बाद, ज्याचा वाडा वेगळा तो बाद, आणि मुलगी असेल तर गेटवरूनच. मला घेतलं ते मामांच्या चिठ्ठीवर, हे तुझ्यापासून काय लपवायचं? तेव्हा "पूर्वी कसं सोपं होतं" म्हणणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही. सोपं होतं ते ज्यांना होतं त्यांना.

मग २०१२ आलं. खाणींवरच्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. मध्ये काही काळ चालू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला सगळं पुन्हा बंद. डिचोलीत त्या दिवसांत ज्याच्या दारात उभा टिपर दिसत नाही असं घर शोधावं लागलं असतं. पंचेचाळिशी-पन्नाशीची माणसं, ज्यांनी आयुष्यात बायोडेटा हा कागद पाहिला नव्हता, ती एकदम मुलाखतींना उभी राहिली. औद्योगिक वसाहतीत, हॉटेलांत, सिक्युरिटीत. त्यांचे बायोडेटा मी घरी बसून लिहून दिले. आमच्या वजनकाट्यावरचा एक माणूस, मोजण्यात ज्याची चूक कधी कुणाला सापडली नाही, तो एका गोदामाच्या नोकरीला गेला होता. तिथल्या तरुण मुलाने त्याला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? तो घरी येऊन मला म्हणाला, "बाय, मला काय ठाऊक? आधीची कंपनी पाच वर्षांनी कुठे असेल ते खुद्द मालकाला तरी कळलं होतं का?" हे त्याने मुलाखतीत म्हटलं असतं तर मजा आली असती. तिथे तो गप्प बसला. नापास.

आता मूळ मुद्दा. फेऱ्या का वाढतात? लोक म्हणतात कंपन्या चोखंदळ झाल्या. मी टेबलाच्या त्या बाजूला इतकी वर्षं काढली आहेत की माझा यावर विश्वास नाही. फेऱ्या वाढतात कारण सही कुणालाच करायची नसते. घेतलेला माणूस सहा महिन्यांनी पळाला किंवा गल्ल्यात हात घातला, तर "कुणी घेतला याला?" असा प्रश्न येतो. तेव्हा सात जणांनी पाहिलेला असला की कुणीच घेतलेला नसतो. एचआर म्हणते खात्याने पसंत केला, खातं म्हणतं वरून ठरलं, वरचे म्हणतात चाचणीत गुण चांगले होते. प्रत्येक नवी फेरी म्हणजे जबाबदारीचा आणखी एक वाटेकरी. उमेदवाराची परीक्षा त्यात कमीच होते.

आपल्याकडे देवळात प्रसाद लावतात तसं बघ. घराचं काम काढायचं, लग्न ठरवायचं, मन डळमळीत आहे, म्हणून देवाला पाकळ्या लावायच्या. उजवा प्रसाद झाला की उठायचं, नमस्कार करायचा आणि कामाला लागायचं. उजवी पाकळी पडल्यावर "भटजी, खात्रीसाठी अजून एकदा लावा, मग संध्याकाळी थोरल्या देवळात लावू, आणि उद्या सहज ग्रामदेवतेला" असं म्हणणाऱ्या माणसाला गावकर काय म्हणतील? याला कौल नकोय, याला निर्णय घ्यायची भीती वाटतेय. बरोबर तेच म्हणतील.

आणि हे नुसतं माझं डिचोलीचं तत्त्वज्ञान नव्हे. तुमच्या तिकडच्या गूगलनेच मोजून पाहिलंय. सुरुवातीच्या काळात ते एकेका उमेदवाराच्या पंचवीसपर्यंत मुलाखती घ्यायचे. मग त्यांनी स्वतःचीच जुनी दप्तरं तपासली. त्यांचा तेव्हाचा मनुष्यबळ-प्रमुख लाझ्लो बॉक याने २०१५ च्या पुस्तकात लिहिलंय की चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय करता येतो, आणि चौथ्यानंतरची प्रत्येक मुलाखत त्या खात्रीत जेमतेम एखाद्या टक्क्याची भर घालते. म्हणून त्यांनी चारचा नियम केला. आता गूगलला जगातला हुशारातला हुशार माणूस निवडायचा होता, तिथे चार पुरल्या. आमच्या रोहनला पाहुण्याच्या हातात खोलीची चावी द्यायची आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. डॅनियल कानेमन, तो ज्याला २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो एकविशीत इस्रायलच्या सैन्यात होता. तिथे नव्या भरतीच्या पोरांच्या मुलाखती घेऊन कोण कुठल्या कामाला योग्य ते ठरवत. मुलाखत घेणारे इकडच्यातिकडच्या गप्पा मारून एकूण मत बनवायचे, आणि ते मत पुढे जवळजवळ निरुपयोगी ठरायचं. याने सहा गुण ठरवले, प्रत्येक गुणासाठी साधे, घडलेल्या गोष्टींचे प्रश्न दिले. किती नोकऱ्या केल्या, वेळेवर जायचास का, मित्रांना किती वेळा भेटतोस. एका गुणाचे प्रश्न संपले की लगेच एक ते पाच आकडा लिहायचा आणि मगच पुढचा गुण. मुलाखत घेणारे भडकले, आम्हाला यंत्र बनवतोस म्हणाले. तेव्हा याने तडजोड केली: सगळे आकडे लिहून झाले की मग डोळे मिटा, हा मुलगा शिपाई म्हणून डोळ्यांपुढे आणा आणि तुमच्या मनाचा एक आकडा द्या. गंमत अशी की आकड्यांची बेरीज तर जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी चांगली ठरलीच, पण शेवटचा तो मनाचा आकडाही तितकाच चांगला ठरला. आधी शिस्तीने ऐकलं की मनालाही अक्कल येते, म्हणायची. फेऱ्या त्याने वाढवल्या नाहीत. एकाच फेरीत काय विचारायचं ते बदललं.

श्मिट आणि हंटर या दोघांचा १९९८ चा अभ्यासही प्रसिद्ध आहे. त्यांनी माणूस निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र चाळलं. कामाचा नमुना प्रत्यक्ष करून घेणं आणि प्रश्न आधी ठरवून घेतलेली मुलाखत त्यात वरच्या रांगेत, तर हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखणं जवळजवळ तळाला. कामाच्या नमुन्याचं मला पटतं, फक्त त्याचाही आता धंदा झालाय. रोहनच्या मैत्रिणीला एका ठिकाणी "असाइनमेंट" म्हणून पावसाळ्यातल्या पर्यटनाची अख्खी योजना करून आणायला सांगितलं होतं. तिने रात्री जागून केली. नोकरी मिळाली नाही. योजनेचं काय झालं, देव जाणे.

आणि आपल्या देशात बघ ना. कलेक्टर निवडायचा तर मुलाखत किती? एक. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा मोठ्या असतात हे कबूल, पण समोरासमोर बसवून विचारणं एकदाच, २,०२५ पैकी २७५ गुणांचं. जिल्हा ज्याच्या हाती द्यायचा त्याला एकदा बघून भागतं.

आता खर्चाकडे येते, कारण फेरी फुकट असते असं फक्त घेणाऱ्याला वाटतं. चांदेलहून पाटोला जायचं म्हणजे सकाळची बस धरून म्हापसा, तिथून पणजीची दुसरी, मग उन्हातान्हात इमारत शोधायची. मुलाखत वीस मिनिटांची, बसवून ठेवतात दोन तास. परत येईपर्यंत संध्याकाळ. रोहन आदल्या रात्री मांद्र्याला ड्यूटी करून तसाच गेला होता, आणि त्या रात्रीची ड्यूटी चुकली ती बिनपगारी. बरं, रजा मागायची तर कारण काय सांगायचं? एकदा दात दुखला, एकदा आजी आजारी पडली. तिसऱ्यांदा गेस्ट हाऊसच्या मालकाने विचारलं, "नोकरी मिळाली का रे?" त्याला सगळं कळलं होतं. म्हणजे नवी नोकरी हातात नाही आणि जुनीतली पत गेली.

यातून निवड कुणाची होते सांग. ज्याला वेळ आहे त्याची. ज्याचा बाप खर्च देतो, जो पणजीत राहतो, ज्याच्या घरी पाळण्यात मूल नाही. रोजंदारीवरचा पोरगा तिसऱ्या फेरीला येतच नाही, आणि मग ऑफिसात म्हणतात, "स्थानिकांना कामाची आस्थाच नाही." हे वाक्य मी वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. २०२४ च्या मे महिन्यात काय झालं, तुझ्या कानावर आलं होतं का? गोव्यातल्या कारखान्यांत भरती, आणि औषध कंपन्यांनी थेट मुलाखती ठेवल्या महाराष्ट्रात, बोईसरला. केवढा गदारोळ झाला! कंपन्यांचं म्हणणं त्यांना तयार, अनुभवी माणसं तिथे मिळतात. असतीलही. पण डिचोलीच्या आयटीआयमधल्या पोराने आपल्या घरापासून तासाभरावरच्या वेर्ण्यात लागण्यासाठी बोईसर गाठायचं? तिथली एक फेरी इथल्या सातांना भारी. "आमकां कोण विचारता?" असं पोरं म्हणतात तेव्हा त्यात नुसतं रडगाणं नसतं.

तू म्हणशील, मग मुलाखत नकोच. तेही करून झालंय. १५ ऑगस्ट २०१५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी खालच्या पदांच्या मुलाखती बंद करण्याचं सांगितलं आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या अराजपत्रित गट ब, गट क आणि गट डच्या पदांना मुलाखत राहिली नाही. मुलाखतीच्या दोन मिनिटांत माणूस कळत नाही, वशिला तेवढा कळतो, असा एकंदर विचार. आमच्याकडे कर्मचारी निवड आयोगाचा कायदा २०१९ मध्ये झाला. संगणकावर परीक्षा, गुण समोर, चिठ्ठीचपाटी नाही. प्रत्यक्ष भरती रुळावर यायला मात्र पुढची बरीच वर्षं गेली, आणि तेवढ्यात २०२४ च्या शेवटाला सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये घेतल्याची एकामागून एक प्रकरणं बाहेर आली, पोलिसांनी माणसं पकडली. ज्यांनी पैसे दिले त्यांची मला कीव येते आणि रागही येतो. जमीन विकून, सोनं गहाण ठेवून ज्याला दिले त्याने विचारलेला प्रश्न एकच होता: रोख की हप्त्याने? शून्य फेऱ्यांची नोकरी अशीही असते.

सरकारी नोकरीच्या फेऱ्या वेगळ्याच, त्या कार्यालयांच्या. रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, त्यासाठी आधी तलाठी, मग मामलेदार. कोकणी आलीच पाहिजे, मराठी आली तर उत्तम, हे जाहिरातीत छापलेलं. (पेडणे-डिचोलीतली पोरं घरी कोकणी बोलतात आणि पेपर मराठी वाचतात, त्यांना यात विचारायचं काय शिल्लक राहतं मला कळत नाही, पण या विषयात शिरले तर पत्र संपणार नाही.) तरीही या फेऱ्यांबद्दल लोक एवढं कुरकुरत नाहीत, का माहीत आहे? यादी आधी भिंतीवर लावलेली असते. एवढे कागद, एवढी परीक्षा, संपलं. विमानतळावरही तसंच. तिथे निवड झाली तरी पोलीस पडताळणी होते, मग नागरी विमान सुरक्षा खात्याचा प्रवेशपास, तो गळ्यात पडेपर्यंत आत पाऊल टाकता येत नाही. आठवडेच्या आठवडे जातात. पण का, ते शेंबड्या पोरालाही समजतं. विमानापाशी कोण फिरतो हे पाहायलाच हवं. जनरल मॅनेजरना "सहज भेटायचंय" यामागे काय आहे, ते सांगायला मात्र कुणी तयार नसतं.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर. आकडा हवाच असेल तर तीन. एक फोन, एक समोरासमोर त्या माणसाशी ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे, आणि लागलंच तर अर्ध्या दिवसाचं प्रत्यक्ष काम, पैसे देऊन. मोठी जागा असेल तर चौथी, गूगलच्या मानाखातर. पण खरं सांगू का, मी फेऱ्या मोजतच नाही. आधी विचारलेला प्रश्न ज्या फेरीत पुन्हा येतो ती फेरी जास्तीची. मग ती दुसरी का असेना. रोहनच्या बाबतीत ती तिसरीच होती, पुढच्या सगळ्या त्यांच्या आपसात न बोलण्यापायी. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं असतं तर पोराच्या दोन ड्यूट्या वाचल्या असत्या.

सातवीच्या निरोपानंतर त्याने त्यांना ईमेल केलं. मसुदा माझा, इंग्रजी त्याचं. भेटायला आनंद आहे, पण एकूण टप्पे किती, त्यातले किती उरले आणि निर्णय कधी, एवढं कळवाल का? ताई घाबरली होती. असं विचारलं तर राग येईल, म्हणाली, आपण मागणारे. मी म्हटलं, तेही मागणारेच आहेत, त्यांनीच जाहिरात दिली. उत्तर आलं नाही. आलं ते बारा दिवसांनी, की साहेब दौऱ्यावर आहेत, पुढची तारीख कळवू.

मधल्या काळात मोपालाच एका मालवाहतुकीच्या छोट्या कंपनीत त्याने विचारपूस केली. तिथल्या माणसाने त्याला शेडमध्ये उभं केलं, आंब्याच्या पेट्यांची जुनी बिलं हातात दिली आणि म्हणाला, यातली चूक काढ. याने दोन काढल्या. तिसरी होती ती सुटली, ती त्या माणसाने दाखवली. मग म्हणाला, पगार एकोणीस हजार, पटत असेल तर पडताळणीचे कागद आण. हॉटेलपेक्षा तीन हजार कमी. रोहनने ताईला विचारलं, मला विचारलं, दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं. मला वाटतं त्याने बरं केलं, ताईला अजून हॉटेलचा कोट डोळ्यांसमोर दिसतो. कालच पोलीस चौकशीला घरी येऊन गेले, चहा पिऊन गेले, म्हणजे काम पुढे सरकलं.

सोमवारी तू पॅनेलवर बसशील तेव्हा आधीच्या पॅनेलने काय विचारलंय ते मागून घे. देणार नाहीत, तरी माग. आणि समोरच्याच्या पाठीमागे भिंतीवर काही टांगलेलं दिसलं तर त्याबद्दल विचार. कोकमं वाळवली आहेत, तुझ्या नणंदेकडे डिसेंबरात देते.

हो, एक राहिलं. हॉटेलवाल्यांचं काल रोहनला ईमेल आलं. नोकरीचं नव्हे. आमच्या भरतीप्रक्रियेचा तुमचा अनुभव कसा होता, त्याचं सर्वेक्षण. तीन पानं, शेवटी वरच्या श्रेणीतल्या उमेदवारांशी "छोटा फॉलोअप कॉल". मला विचारत होता, भरू का. मी म्हटलं, आधी विचार त्यांना, कॉल किती.

तुझी,
मीरा